काळं बटण आणि उत्तनचे बोंबील

वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी माझं भवितव्य एका बटणाच्या हाती गेलं. कोटाचं साधं, काळं, चार भोकांचं बटण. ते कागदावर चालायचं आणि आम्ही अकरा प्रौढ माणसं श्वास रोखून त्याच्याकडे बघत बसायचो.

मी विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात काम करतो. मीरा रोडचं ऑफिस, खिडकीजवळची खुर्ची. कागद आला की तपासायचा, शिक्का मारायचा, पुढच्या टेबलावर ढकलायचा. पुढचं टेबल त्याचं काय करतं, हे सत्तावीस वर्षांत कधी विचारलं नाही. कुणी मला सांगितलंही नाही. मग एके दिवशी वरून फर्मान आलं. विभाग नागपूरला जाणार. इथे फक्त एक छोटी तुकडी राहणार, आणि कंपनीतली कामं कशी चालतात त्याची चित्रं काढणं हे तिचं काम. त्यासाठी बीपीएमएन नावाची चित्रांची लिपी शिकायची, तीन आठवड्यांनी परीक्षा द्यायची. पास तो मीरा रोड, नापास तो नागपूर.

नागपूरशी माझं वैर नाही. संत्री मला आवडतात. पण बायको भाईंदर पश्चिमेच्या शाळेत शिकवते, तिच्या निवृत्तीला पाच वर्षं आहेत. त्या दिवशी जेवताना मी बातमी सांगितली. ती शांतपणे म्हणाली, "जा तुम्ही. मला शाळा सोडता येणार नाही. रोज फोन करू." आणि माझ्या ताटात वरण वाढलं. भात बुडाला, भाजी बुडाली, वरण ताटाच्या काठाला लागलं तरी वाढतच राहिली. चोवीस वर्षांच्या संसारात ती घाबरलेली मी पहिल्यांदा पाहिली, ती वरणात.

शिकवायला आलेल्या मॅडम माझ्या पुतणीच्या वयाच्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर बारीक रेघेचं एक वर्तुळ काढलं आणि म्हणाल्या, "ही सुरुवात." फळ्याच्या दुसऱ्या टोकाला जाड रेघेचं वर्तुळ काढलं. "हा शेवट. मधलं आपण शोधायचं."

कंपनीच्या नाट्यस्पर्धेत मी दहा वर्षं कामं केली आहेत, त्यामुळे मला लगेच कळलं. बारीक वर्तुळ म्हणजे तिसरी घंटा, जाड वर्तुळ म्हणजे पडदा. गोल कोपऱ्यांची चौकट म्हणजे एक काम, आणि चौकटीत क्रियापद हवंच. नुसतं 'अर्ज' लिहून भागत नाही, अर्जाचं काय करायचं ते लिहा. वाट फुटते तिथे चौकट टोकावर उभी करायची, म्हणजे तिचा हिरा होतो. हिऱ्यात फुली असेल तर अनेक वाटांतली एकच धरायची. अधिकचं चिन्ह असेल तर सगळ्या वाटांनी एकदम निघायचं. वर्तुळात घड्याळ काढलं की वेळेची वाट बघायची, पाकीट काढलं की निरोपाची. आणि हे सगळं आडव्या पट्ट्यांत बसवायचं. कोण काय करतं, ते पट्टीवरून कळतं.

"पट्टीवर माणसाचं नाव लिहायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "भूमिका लिहायची."

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं आणि विसरलो. त्या वेळी मी भारावून गेलो होतो. आयुष्यभर रंगमंचावरच्या एका कोपऱ्यात उभं राहून मी एकच वाक्य म्हणत आलो होतो, आणि आता कुणीतरी मला बाल्कनीत नेऊन अख्खं नाटक दाखवत होतं. माझा शिक्का बसलेला कागद पुढे चार टेबलं फिरून परत माझ्याच टेबलावर येतो आणि मी त्याला नवा समजून पुन्हा तपासतो, हे मला त्या चित्रात पहिल्यांदा दिसलं. लाज वाटायला हवी होती. मला आनंद झाला.

मग मॅडमनी पर्समधून ते बटण काढलं.

"हे म्हणजे एक दावा, एक ऑर्डर, एक लग्न, काहीही," त्या म्हणाल्या. "सुरुवातीवर ठेवायचं आणि बाणाबाणानं चालवायचं. शेवटाला पोचलं तर चित्र खरं. मध्ये अडकलं तर तुम्ही काहीतरी विसरलात."

सरावासाठी मी घरचा सकाळचा चहा काढला. दूध आहे का? हिऱ्यात फुली. असेल तर तापव, नसेल तर आण. पुढे दोन्ही वाटा एका हिऱ्यात आणून जोडल्या आणि त्यात ऐटीत अधिकचं चिन्ह काढलं, ते जरा भरीव दिसतं म्हणून. मॅडमनी बटण सोडलं. दूध होतं. बटण तापवण्याच्या वाटेनं अधिकपर्यंत आलं आणि थांबलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"अधिकला दोन्ही वाटांनी बटणं यावी लागतात, सर. तुम्ही एकच पाठवलंत. ते दुसऱ्याची वाट बघतंय."

"किती वेळ?"

"कायम."

मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, नागपूरलाच बसलं की ते जाऊन!" सगळा वर्ग हसला. मीही हसलो, पण जरा उशिरा.

घरी आल्यावर बायकोनं ते चित्र चष्मा लावून तपासलं. शिक्षिकाच ती. फुली, अधिक यांत तिला रस नव्हता. तिचं बोट पट्ट्यांवरून फिरत होतं. "माझ्या पट्टीत सात चौकटी. दूधवाल्याच्या दोन. तुमची कुठली?"

"ही काय." माझ्या पट्टीत एक चौकट होती. 'चहा पिणे.'

"कप उचलून ठेवणं नाही?"

मी पेन्सिल घेऊन पटकन चौकट वाढवली.

"अहो," ती म्हणाली, "खोटं काढलं तर बटण अडकतं ना?"

परीक्षेसाठी प्रत्येकानं ऑफिसबाहेरचं एक खरं काम मुळापासून शेवटपर्यंत काढायचं होतं. कुणी सोसायटीचा पाण्याचा टँकर घेतला, कुणी पासपोर्ट. मी आठवडाभर घोळत बसलो. शेवटी बायकोच म्हणाली, "मावशींना विचारा. त्यांच्याकडचा बोंबील आजवर एकदाही खराब निघाला नाही. एवढं चोख काम आपल्या ओळखीत दुसरं कुणी करत नाही. तुम्ही धरून."

मावशी म्हणजे उत्तनच्या कोळीण. दर शुक्रवारी दुपारी मीरा रोडच्या आमच्या इमारतीच्या फाटकाशी सुक्या मासळीची पाटी घेऊन बसतात. गुजराती शेजारीण नाकाला पदर लावून जाते, तिला त्या हिंदीत हाक मारतात, "भाभी, नाक बंद करो, आँख तो खुली रखो!" मी त्यांच्यापुढे उकिडवा बसलो आणि कल्पना सांगितली.

"बोंबील सुकवायचा कागद काडनार?" मावशींनी माझ्या डोक्यावरून बायकोकडे पाहिलं. "बाय, तुजा नवरा बरा हाय ना?"

"नोकरीचा प्रश्न आहे, मावशी," बायको म्हणाली. "नाहीतर हे नागपूरला जातायत."

मावशींचा चेहरा एकदम बदलला. "नागपूरला? तिथं तर दर्याच न्हाय! ये रं सायब, रविवारी ये. नको, रविवारी चर्चात मिस्सा हाय. शनवारी ये."

शनिवारी मी उत्तनची बस पकडली. सोबत फाइल होती आणि फाइलमध्ये चित्र तयार होतं. ही आम्हा दावेवाल्यांची खास सवय. अर्जदार समोर यायच्या आधीच आम्ही अर्ज भरून ठेवतो. मोरवा मागे पडलं, तारोडी आलं, वाऱ्याला मिठाचा आणि मासळीचा वास यायला लागला, आणि मी मनातल्या मनात टाळ्या घेत होतो.

किनाऱ्यावर बांबू रोवून आडव्या दोऱ्या बांधलेल्या असतात. त्याला वलांडी म्हणतात. तिथे मावशी आणि त्यांची जाऊ दोरीवर बोंबील टाकत होत्या. एक बोंबील घ्यायचा, दुसरा घ्यायचा, दोघांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर सोडायची. ना चिमटा, ना गाठ. एकमेकांच्या भरवशावर दोघं लटकतात. माझा नमस्कार-चमत्कार संपायच्या आत मावशींच्या हातून वीसेक जोड्या गेल्या. मी एक जोडी लावायला गेलो, ती वाळूत पडली.

"तू कागद वाच," मावशी म्हणाल्या.

मी वाचायला लागलो. होडी येणे, बोंबील निवडणे, धुणे, जोड्या लावणे. दोघी माना डोलावत होत्या. मग हिरा आला. "पाऊस येणार का? येणार असेल तर..."

"कोन ठरवतो?" मावशींनी विचारलं.

"म्हणजे आपण. बघून."

"आपन पाऊस ठरवतो?" त्या जावेकडे वळल्या. "ऐकलास? उद्यापासून माज्या पाया पड!" दोघी इतक्या हसल्या की दोरी हलली. मग मावशी शांतपणे म्हणाल्या, "आमी कायबी ठरवत न्हाय. टाकतो नि वाट बगतो. आधी सुकले तर काडतो. आधी ढग आयला तरी काडतो. जो पैला येल त्याचा ऐकायचा."

मी तसाच एका उलट्या होडीवर बसलो. आमच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानांत एक चमत्कारिक चिन्ह होतं. हिरा, हिऱ्यात दुहेरी वर्तुळ, वर्तुळात पंचकोन. ही नुसती नक्षी आहे असं समजून मी ते सोडून दिलं होतं. आता फाइलमधून पुस्तिका काढून वाचलं. त्याचा अर्थ असा: इथे कुणी काही ठरवत नाही. इथे थांबायचं. पुढच्या घटनांपैकी जी आधी घडेल तिच्या वाटेनं जायचं, बाकीच्या वाटा आपोआप बंद.

खरं सांगतो, ते पान मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कुठल्या तरी थंड खोलीत टेबलाभोवती बसून ही लिपी ठरवणाऱ्या माणसांनी जन्मात बोंबील पाहिला नसेल. तरी त्यांनी ढगासाठी जागा ठेवली होती. जगातली निम्मी कामं माणूस ठरवून करतो आणि निम्मी वाट बघून, हे त्यांना माहीत होतं, आणि या दोन्हींत गफलत होऊ नये म्हणून त्यांनी दोन निराळे हिरे घडवले होते. असा बारकावा मला चांगल्या नाटककारातच दिसला आहे.

या विचारात मी असतानाच किनाऱ्याच्या त्या टोकाकडून हाळी आली, "ढग आयलाऽ!"

एप्रिलचा ढग. अवकाळी, काळा, समुद्रावरून थेट आमच्याकडे निघालेला. भिजलेला बोंबील कुजतो आणि मग तो खतातच जातो. घराघरांतून बाया, बाप्ये, म्हातारे धावत आले. मीही फाइल शर्टात खुपसून मावशींच्या दोरीकडे धावलो.

"माजे सोड!" मावशी तिकडून ओरडल्या. त्या स्वतः चार दोऱ्या पलीकडे भलत्याच कुणाचे बोंबील उतरवत होत्या. "तुज्या हाताजवळचे काड!"

"पण हे तुमचे नाहीत!"

"मग काय झाला? माजे कोनीतरी काडतंय!"

खरंच काढत होतं. एक मिशीवाले आजोबा मावशींचे बोंबील टोपल्यात भरत होते. तिथली रीतच ती. ढग आला की आपली दोरी शोधत कुणी धावत नाही. जो जिथे असेल तिथली दोरी त्याची. प्रत्येक घराची दोरीला बांधलेली रंगीत चिंधी असते. उतरवताना ती त्या टोपल्यात टाकायची, वाटणी मागाहून. मी हिरव्या चिंधीच्या कुणा अनोळखी घराचे बोंबील पोटाशी धरून पळत होतो, आणि पळता पळता मला मॅडमचं विसरलेलं वाक्य आठवलं. पट्टीवर माणूस लिहायचा नाही, भूमिका लिहायची. माझ्या चित्रात 'मावशी' अशी पट्टी होती. ती चूक होती. त्या पट्टीचं नाव होतं 'जवळ असेल तो', आणि या घटकेला त्या भूमिकेत मी होतो. मिळालेल्या भूमिकांपैकी माझी सर्वांत आवडती.

पाऊस मोजून दहा थेंब पडला. मी बस चुकेल म्हणून वाटणी व्हायच्या आधीच निघालो. बसमध्ये माझ्या शेजारची जागा भाईंदरपर्यंत रिकामी राहिली. बायकोनं दार उघडलं आणि एकच शब्द म्हणाली, "आंघोळ."

परीक्षा नेमकी शुक्रवारी दुपारी आली. टेबलापलीकडे मॅडम आणि मुख्य कार्यालयातले दोन साहेब. मी नवा मोठा कागद पसरला. मॅडमनी बटण ठेवलं. होडी आली, बोंबील धुतले, जोड्या लागल्या. बटण पंचकोनाच्या हिऱ्यावर आलं.

"इथे कोण ठरवतं?" एका साहेबांनी विचारलं.

"कुणी नाही, सर. जो पहिला येईल त्याचं ऐकायचं."

मॅडमनी ढगाची वाट धरली. बटण मधल्या पट्टीत गेलं. "ही पट्टी कोणाची?" दुसऱ्या साहेबांनी विचारलं.

"जवळ असेल त्याची."

मॅडमनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि हसल्या. झालं, म्हटलं मी मनात. पडद्याची दोरी धरायला हरकत नाही.

बटण वाटणीपाशी आलं. तिथे मी दोन वाटा जोडल्या होत्या: उतरवलेली टोपली एका वाटेनं येते, चिंधीची मालकीण दुसऱ्या वाटेनं येते, दोन्ही भेटल्या की मालकीण आपले बोंबील घेते. भेटीच्या हिऱ्यात अधिक.

"समजा मालकीण गावातच नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या मावशीच. शुक्रवारी त्या मीरा रोडला असतात, तुम्हीच लिहिलंय. आज ढग आला. मग?"

टोपलीचं बटण अधिकपाशी उभं होतं. दुसरं येणार नव्हतं. किती वेळ, हे विचारायची गरज नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे चहाचं दूध आलं आणि त्यामागून संत्री.

थाप मारणं मला जमलं असतं. आयुष्यभर जमत आलंय. पण कागदावर ते बटण सगळ्यांसमोर अडून उभं होतं, आणि घरी एका बाईनं सांगून ठेवलं होतं की खोटं काढलं की ते अडकतं. "मॅडम," मी म्हणालो, "वाटणी मी पाहिलीच नाही. बस धरली. विचारून सांगू?"

साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, "विचारा. हे काम असंच करतात."

मी फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला. "मावशी, तुम्ही इकडे असताना तिकडे ढग आला, तर तुमचे बोंबील कुणाकडे असतात?"

"ज्यानं काडले त्याच्याकडं."

"तुमची वाट बघत?"

"वाट बगून कुजवायचे काय रं? दिवे लागंपर्यंत ठेवतो. मी आयले तर मी नेते. न्हाय आयले तर माजी लाल चिंधी बगून माज्या घरी नेऊन पसरतो. तवर कोन कोनाचा विचारत न्हाय."

दिवे लागेपर्यंत. मी कागदाकडे पाहिलं. आधी मालकीण, की आधी दिवे? जो पहिला येईल तो. तोच पंचकोनाचा हिरा! ढगासाठी शिकलो तेव्हा मला वाटलं होतं की न बोलावता येतो तो फक्त ढग. माणसाचीही तशीच वाट बघायची असते, आणि तिला मर्यादा घालून ठेवायची असते, म्हणजे काहीच कुजत नाही.

मी खोडरबर घेतलं. अधिक पुसलं. दुहेरी वर्तुळ काढलं, त्यात पंचकोन. घाईत तो झोपडीसारखा झाला. एका बाणाला पाकीट: 'मालकीण आली.' दुसऱ्याला घड्याळ: 'दिवे लागले.' घड्याळापुढे चौकट, आणि चौकटीत क्रियापदासह: 'तिच्या घरी पसरणे.'

मॅडमनी बटण उचललं. घड्याळाच्या वाटेनं नेलं. चौकट ओलांडली. जाड वर्तुळावर ते टेकलं तेव्हा टक असा आवाज झाला. एका साहेबांनी यादी ओढून घेतली, माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं आणि कागद माझ्याकडे फिरवला. 'मीरा रोड.'

मी ते दोन शब्द दोनदा वाचले. फोन चालूच होता.

"सायब," त्यातून आवाज आला, "झाला का तुजा? इथं एक गिऱ्हाईक कवापासून उभा हाय. बोंबील घेत न्हाय, काय न्हाय, नुसती माज्या फोनाकडं बगतंय. शाळेतून सरळ आयलीय. काय सांगू तिला?"

मला एवढंच सुचलं. "तिला सांगा, आज वरण नेहमीएवढंच वाढ."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. चोवीस वर्षांच्या ओळखीचा.

"वरन?" मावशी म्हणाल्या. "आरं, मी बोंबील इकते!"